फाडलेलं पान

माझ्या कपाटात एक जुनी वही आहे. पिनेची, पिवळट कागदाची, कव्हरावर एका विद्यार्थ्यानं रंगीत खडूनं तांबट काढलेला. तिच्यातलं एक पान मी स्वतः फाडलंय. पिनेच्या वहीचं पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसऱ्या अंगाचं पानही सैल होतं आणि चार दिवसांत गळून पडतं. तसं ते पडलं. ते कोरंच होतं. ते मी वहीत तसंच ठेवून दिलंय.

ती वही ज्याची, त्याचं नाव इथं लिहीत नाही. का ते पुढं कळेल. त्याला आपण पोऱ्या म्हणू.

मी मूळचा माणदेशातला. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. 1998 साली बदली झाली ती थेट रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीतल्या गावात. पहिल्या पावसाळ्यात माझे कपडे तीन महिने वाळलेच नाहीत. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. गावात कुणबी, मराठा, थोडी आगरी घरं, आणि ओढ्यापलीकडं कातकऱ्यांची वाडी. वाडीतली पोरं दिवाळीपर्यंत शाळेत दिसायची, मग आईबापांबरोबर पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळसा पाडायला जायची, ती जूनला उगवायची. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणांची लांबच लांब माळ असायची.

शाळांमधून हरित सेना, निसर्ग मंडळं सुरू करायचे ते दिवस. पत्रकं यायची. बहुतेक ठिकाणी ते प्रकरण फोटोपुरतं असायचं. पाच रोपं, दहा हात, एक फोटो. मला मात्र खरंच हौस होती. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन टेकडीवर जाऊ लागलो. आधी सात-आठ पोरं होती, नंतर तीसएक झाली. पळस कधी फुलतो, काटेसावरीवर कुठले पक्षी येतात, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, याच्या नोंदी आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात करायचो. पुढं प्रत्येकाला एक वही दिली. नियम एकच. जे बघाल ते लिहा, आणि खरं लिहा. पुस्तकातलं उतरवून आणायचं नाही.

हा नियम किती भारी आहे हे देताना मला कळलं नव्हतं.

तसे धक्के आधीपासून बसत होते. झाडं तोडू नयेत असं मी एकदा रंगात येऊन सांगत होतो, तर मागून एक कुणब्याचा पोरगा म्हणाला, "मग गुरुजी, राब कशाचा भाजायचा?" मी माणदेशी माणूस, मला राब माहीत नव्हता. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, माती असे थर रचून जाळतात. त्याशिवाय तिथं रोप नीट धरत नाही असं सगळं गाव मानतं. म्हणजे मी ज्याला तोड म्हणत होतो तो त्या पोराच्या घरचा तांदूळ होता. वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या दिवसानंतर 'तोडू नका' म्हणताना माझी जीभ अडखळायची.

आणि गलोली. मी शपथ घालून घेतली होती. पाखरं मारणार नाही, अंडी काढणार नाही. मग प्रत्येकानं आपापली गलोल आणून टेबलावर ठेवायची. तेवीस जमा झाल्या. मोठा विजय वाटला मला. मोठ्या साहेबांना दाखवल्या, त्यांनी पाठ थोपटली. सगळ्यात सुबक गलोल पोऱ्याची होती. बेचकं कुड्याच्या लाकडाचं, घासून गुळगुळीत केलेलं, रबर सायकलच्या ट्यूबचं. ठेवताना त्यानं एकदा हात फिरवला तिच्यावरून.

आता एक गोष्ट कबूल करतो. मीही लहानपणी होले मारलेत. बांधावर तुरकाट्या पेटवून भाजून खाल्लेत, मीठ लावून. त्याची चव अजून जिभेवर आहे. तेवीस गलोलींच्या ढिगामागं उभा राहून मी ही गोष्ट पोरांना सांगितली नाही.

पोऱ्या आमच्या मंडळात सगळ्यात तरबेज. तांबटानं पोखरलेली ढोली तो वीस पावलांवरून दाखवायचा. जमिनीवरच्या ओल्या मातीत उमटलेल्या खुणेवर बोट ठेवून म्हणायचा, "मुंगूस. सकाळचा." पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तो दोन सुरांची शीळ घालतो, ती शीळ हा पोरगा इतकी हुबेहूब घालायचा की पक्षी उत्तर द्यायचा. शहरातून एकदा दुर्बिणी घेऊन मंडळी आली होती. अर्धा दिवस फिरून त्यांना नवरंग दिसला नव्हता, तो यानं पाच मिनिटांत दाखवला. त्यांनी त्याला विचारलं, "कुठं शिकलास?" तो नुसता हसला. कुठं शिकला ते मला ठाऊक होतं. बापामागं फिरून, पोटासाठी फिरून शिकला होता.

2006 चा जून. मृग कोरडाच गेला आणि मग एकदम कोसळला. वाडीत हा महिना फार वाईट. भट्टीवरून परतताना हातात असतात ते पैसे उचलीत वळते झालेले असतात. लावणीला अजून अवकाश, म्हणून मजुरी नाही. शेवळं विकून चार पैसे मिळतात, पण त्यांचे दिवस थोडेच. मग चिंबोऱ्या, मुठे, टाकळा, कुर्डू, जे सापडेल ते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव. वनखात्याचे गार्ड आणि त्यांच्या वरचे एक साहेब शाळेत येणार होते. रोपं लावायची, भाषणं व्हायची, आणि मंडळाच्या वह्या टेबलावर मांडायच्या. मीच हौसेनं सुचवलं होतं ते. सकाळी लवकर जाऊन वह्या एकदा चाळाव्यात म्हणून बसलो. पोऱ्याच्या वहीत पाचवं-सहावं पान. अक्षर मोठं, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद, पण पानभर मजकूर. आठवतो तसा लिहितो:

"काल बापानं घोरपड धरली. वारुळापाशी. कुत्र्यानं दाखवली. माझ्या हातापेक्षा लांब होती. जीभ सापासारखी दोन. पोटात अंडी होती. पांढरी, मऊ कवच. मी मोजली." पुढं आकडा होता. मग: "आजीनं चरबी बाटलीत भरली. गुडघ्याला लावते. सगळ्यांना मटण आलं. मी पण खाल्लं." खाली घोरपडीचं चित्र. प्रमाणात काढलेलं, पंज्याची पाचही बोटं मोजून.

निसर्गनोंद म्हणून त्या दिवसापर्यंत आमच्या मंडळात एवढी चांगली नोंद कुणी केली नव्हती. जागा आहे, वेळ आहे, माप आहे, विणीचा काळ आहे. पावसाळ्यात घोरपड अंडी घालते, वारुळातही घालते, हे पुस्तकात नंतर वाचलं. यानं ते डोळ्यांनी बघून लिहिलं होतं.

आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्या वेळी शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

मी पान फाडलं. विचार केला असं म्हणणं खोटं होईल. हातानं फाडलं. मान वर केली तर पोऱ्या दारात उभा. झाडलोटीची पाळी त्याची होती.

"गुरुजी, माझं चुकलं का?"

"नाही रे."

"मग?"

मी त्याला म्हणालो, "घरचं लिहायचं नाही. रानातलं लिही." त्यानं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. घर कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं, हे त्याला कळेना, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मलाही कळत नव्हतं. मग त्यानं खराटा उचलला.

कार्यक्रम झाला. गार्ड सज्जन माणूस होता, त्यानं पोरांच्या वह्या मनापासून बघितल्या. कुणी वाईट वागलं असं त्या दिवसात काही नव्हतं. दुपारी पाहुण्यांचं जेवण गावातल्या एका मोठ्या घरी. ताटात वलगणीचे मासे. पहिल्या मोठ्या पावसानं नदीनाल्यांना पूर आला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात, पार भाताच्या खाचरांपर्यंत. तेव्हा सगळं गाव रात्री कंदील, बॅटऱ्या, जाळी घेऊन बाहेर पडतं. त्या माशांचं पोट गाबोळीनं गच्च भरलेलं असतं, आणि तीच तर चव. साहेबांनी घेतली, गार्डनं घेतली. मी दोनदा मागून घेतली.

दुसरा घास तोंडात असताना मला ती वही आठवली. एका पानावरची अंडी गुन्हा होती आणि एका पानावरची पाहुणचार. मी जेवण टाकून उठलो वगैरे नाही. जेवलो पोटभर.

त्या रात्रीपासून मात्र एक प्रश्न माझ्यामागं लागला. पोराला सत्य लिहायला शिकवणारा मी, त्याच्या पहिल्याच सत्याला घाबरलो. हे भित्रेपण की शहाणपण? बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी एका बापाला तुरुंगापासून वाचवलं, एका घराची चूल वाचवली. ते खोटं नाही. पण घोरपडीचं काय? ती काही कमी खरी नव्हती. तिच्या पोटातली अंडी काही कमी खरी नव्हती. कुत्री लावून, बिळं खणून सगळीकडून घोरपडी संपत आल्यात म्हणूनच तिला कायद्यात वर बसवलंय. तो कायदा कुणी दुष्टपणानं केलेला नाही. कातकऱ्याची भूक जितकी खरी तितकंच हेही खरं, आणि एक खरं सांगून दुसरं झाकायचं नाही, असं मी वर्गात शिकवत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझी स्वतःशी तडजोड झाली असती. दुबळ्याला वाचवायला गप्प बसलो, एवढं माणसाला पुरतं. पण त्याच महिन्यात दुसरी वही समोर आली.

सहावीतली एक मुलगी. तिच्या नोंदीत असं की टेकडीच्या मागच्या अंगाला जेसीबी आलाय, तीन दिवस झाडं पाडतोय, ऐन, किंजळ, एक मोठा उंबर, त्या उंबरावर धनेश यायचे, आता माती ओढ्यात येते आणि पाणी लाल झालंय. तिनं झाडं मोजली होती. जमीन मुंबईच्या कुणाची तरी होती, बंगल्यांचं काम होतं, आणि ते मिळवून देणाऱ्यांत गावातली बडी माणसं होती. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तिला हीच नोंद न्यायची होती. मी तिला म्हणालो, "बाळा, तिथं जरा वेगळं काहीतरी नेऊ." का, ते तिनं विचारलं नाही. मुली विचारत नाहीत, त्यांना घरातून सवय असते. तिनं तुळशीचे औषधी उपयोग नेले. दुसरा क्रमांक आला. ढाल अजून शाळेत असेल.

तिचं पान मी फाडलं नाही. फाडायची गरजच पडली नाही.

आता सांगा, ही दोन मौनं सारखी की वेगळी? बरीच वर्षं मी म्हणायचो, वेगळी. पहिल्यात मी ज्याच्याकडं काही नाही त्याला झाकलं, दुसऱ्यात ज्याच्याकडं सगळं आहे त्याला. पहिल्यात दुसऱ्याचा जीव वाचवला, दुसऱ्यात माझी बदली. हिशेब सरळ आहे. पण पोरांच्या बाजूनं बघितलं तर दोघं एकच शिकली. गुरुजींच्या निसर्गात काही गोष्टी बसत नाहीत. एकाची भूक बसत नाही आणि दुसरीचा उंबर बसत नाही. तुळस बसते, फुलपाखरू बसतं.

सलीम अलींची गोष्ट मी मंडळात दरवर्षी सांगायचो. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली म्हणून मामांना विचारलं. मामांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी या शाळकरी पोराला हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी ओळीनं दाखवले, आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. पुढं आमच्याच जिल्ह्यात किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला, हे सांगताना मला फार अभिमान वाटायचा. पान फाडल्यानंतरच्या वर्षी मी ती गोष्ट सांगायला उभा राहिलो आणि मध्येच थांबलो. मारलेला पक्षी घेऊन एक पोरगा दारात येतो, आणि त्याच्यासाठी कपाट उघडलं जातं. माझ्या दारात तसाच पोरगा आला होता. त्याला मी काय उघडून दाखवलं?

कुणी म्हणेल, तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. बरोबर आहे. पण वेळासचं उदाहरण तर आपल्याच काळातलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव. तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूतून उकरून अंडी खायची, विकायची रीत होती. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं काम सुरू केलं. वाळूवरच्या खुणांवरून घरटं नेमकं कुठं आहे हे कोण सांगणार? जे उकरत होते तेच. त्यांच्याच गावची माणसं पहाटे किनारा चालू लागली, अंडी कुंपणात नेऊन पुरू लागली, आणि पुढं तिथं कासव महोत्सव भरू लागला. माहिती तीच, हातही तेच. पण तिथं कुणीतरी आधी विचारलं असणार की तुम्ही हे खाता ते का, आणि त्याऐवजी काय. मी तेवीस गलोली जमा केल्या, त्याऐवजी काय, हे मी एकदाही विचारलं नाही.

मी कातकऱ्यांना देव करत नाही. शहरातले काही लोक येऊन करतात, तेही मला पटत नाही. वाडीतही हावरे आहेत, गावातही आहेत. पण पुढच्या वर्षी मी एक केलं. शपथ बंद केली आणि पोऱ्याच्या आजीला शनिवारच्या फेरीला बोलावलं. तिला वाटलं भांडण आहे. फार विनवण्या केल्यावर आली. तिनं पोरांना कडूकंद दाखवला. वेलीच्या मागं जाऊन खणला. काढल्यावर वरचा शेंड्याकडचा तुकडा कोयत्यानं कापून त्याच खड्ड्यात परत पुरला, वर माती लोटली, पायानं दाबली. एका पोरीनं विचारलं, "असं का?" आजी म्हणाली, "पुढल्या साली काय खाशील?" एवढंच. शेवळात काकडाची फळं नाही घातली तर घसा कसा खवखवतो ते सांगितलं, विड्या ओढल्या, आणि गेली. पोरांनी त्या दिवशी चार-चार पानं लिहिली.

पोऱ्यानं लिहिलं नाही. तो यायचा, पुढं चालायचा, विचारलं तर खुणा दाखवायचा. वही मात्र घरी विसरल्याचं सांगायचा. मी आग्रह केला नाही. माझा तो अधिकार मी त्या सकाळी टेबलावर फाडून ठेवला होता. दिवाळीनंतर ती मंडळी भट्टीवर गेली आणि पुढच्या जूनला त्याचे आईबाप आले, तो आला नाही. भट्टीवरच कामाला लागला होता. त्याच्या बहिणीनं वही आणून दिली. "गुरजीना परत दे, म्हणला." ती ही वही.

माझी बदली झाली, मग निवृत्ती. दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. एसटी स्टॅंडवर उभा असताना एक दाढीवाला गडी जवळ आला, वाकून पायाला हात लावला. डोळ्यांवरून ओळखलं. टेकडीमागच्या त्याच बंगल्यांवर राखणदार होता. साप निघाला की लोक त्यालाच बोलावतात, धरून लांब सोडून येतो म्हणाला. बायको, दोन मुलं. थोरली चौथीत.

चहा घेतला. मी बराच वेळ घोटाळलो आणि मग म्हणालो, "तुझी वही आहे माझ्याकडं. त्यातलं एक पान मी..."

"आठवतंय, गुरुजी. पान हाय काय?"

"नाही रे. त्याच दिवशी चुलीत घातलं."

त्यानं मान हलवली. राग नव्हता, निदान मला दिसला नाही. मी विचारलं, "मी केलं ते बरोबर केलं का रे?" शिक्षकानं विद्यार्थ्याला असं विचारू नये, पण या वयात काय.

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. बशीतला चहा संपवला. त्याची गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

"बाप सुटला, ते बरं झालं," तो म्हणाला. "पर चित्र चांगलं आलं हुतं."

मग गाडीच्या पायरीवर चढून, दांडा धरून, मागं वळून म्हणाला, "एकोणीस अंडी हुती, गुरुजी. मी मोजली हुती."

घरी आल्यावर ते गळालेलं कोरं पान काढलं आणि त्यावर तेवढं लिहून ठेवलं. नाव आणि तारीख घातली नाही.